न पडलेला खो

“आधी पाठीवर हात, मग कानात शब्द, मग पाय. खो पडल्याशिवाय उठायचं नाही, कुंदे. समोरून वाघ आला तरी नाही.”

शालनचा हा आवाज शाळेच्या मैदानापासून माझ्या कानात आहे. ती आमची कर्णधार होती. मी खांबाजवळच्या चौकोनात बसायची, आणि नसीम मधल्या. बाकीच्या मुली लग्न होऊन कुठे कुठे गेल्या, आम्ही तिघी मात्र एकमेकींना धरून राहिलो. शालन साताऱ्याला, नसीम मिरजेला, मी कऱ्हाडातच. पुढे तिघींचेही गुडघे गेले. तेव्हा शालनने आम्हा दोघींना एकेक मनगटपट्टा आणि एकेक जाड काड्यांचा चष्मा पाठवला. सोबत निरोप होता, “गुडघे गेले म्हणून खेळ गेला असं कुणी सांगितलं?”

तेव्हापासून दुपारची जेवणं झाली, भांडी पालथी घातली, की आम्ही काजळगडाच्या पायथ्याशी भेटतो.

काजळगड हा खेळ आहे. चष्मा चढवला की समोर काळ्या दगडाचा गड उभा राहतो. त्याला दारामागून दारं, आणि प्रत्येक दारावर एक राक्षस. शालन तिथे ढाल घेऊन पुढे असते. नसीम तिरंदाज, नाव बिजली. मी वैद्यीण. माझ्या हातात दिवा आणि झोळीत औषधं. मी काजळगडात आजवर मुंगीही मारलेली नाही. एकादशीला माझी वैद्यीण झोळीतलं भाजलेलं मांस खात नाही, नुसतं दूध पिते, आणि निम्म्या ताकदीने गड चढते. यावरून नसीम मला फार बोलायची. “त्या बाईला तरी सोड गं उपासातून, ती खरी पण न्हाई.” मग रमजान आला आणि बिजली सूर्य बुडेपर्यंत झऱ्याचं पाणी प्यायला तयार होईना. तेव्हा मी नुसती हसले.

रोजचं आटोपल्याशिवाय मी पट्ट्याला हात लावत नाही. पहाटेची पूजा, पोथीचा एक अध्याय, तुळशीला पाणी. श्रावणी सोमवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं. ते मी लग्नाआधीपासून पाळत आले आहे. त्या दिवशी मी खेळते, पण न बोलता.

आमची खेळायची रीत साऱ्या काजळगडात वेगळी होती. इतर टोळ्या राक्षसावर एकदम तुटून पडतात. आम्ही खो देतो. राक्षस शालनच्या ढालीवर घाव घालायला वाकला, की ती ढाल तशीच धरून ओरडणार, “खो.” मग नसीमचा बाण. नसीमचा बाण सुटला की ती ओरडणार, मग शालन उठणार. पाठीवर हात लागत नाही तेवढाच फरक. सोमवारी माझा खो दिव्याचा असायचा. दिवा वर गेला की ऊठ. खो पडण्याआधी तिघींपैकी कुणी हलायचं नाही. त्यापायी कितीदा मेलो, पण फाउल केला नाही.

मागच्या शुक्रवारी फाउल झाला.

तेलविहिरीच्या दारावर आम्ही वर्षभर अडकलो होतो. तिथला धूमासुर धुराचा असतो आणि घाव घालण्याआधी क्षणभरच घट्ट होतो. शालन ढालीमागे दबा धरून बसली होती, नसीमने बाण सोडला आणि तिला ठसका लागला. खो तिच्या घशातच अडकला. मी ऐकत होते, मला नुसता खोकला ऐकू आला.

आणि शालन उठली. अगदी नेमकी उठली. ढाल धूमासुराच्या हनुवटीखाली बसली, तो फुटला, दार उघडलं. वर आकाशात सोनेरी अक्षरं आली. सोमवारी दुपारी चारला महाद्वाराची जाहीर लढत, जिंकलेल्या निवडक टोळ्या, साऱ्यांना थेट बघता येणार. त्यात आमचं नाव.

“फाउल गं शालन,” नसीम खोकत खोकत हसली. “मी खो दिलाच न्हाई.”

“दिलास की.”

“आगं माझा जीव चाललावता, खो कुठनं देऊ?”

“मी ऐकला,” शालन म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. “बघितलंत ना? हात अजून तसाच आहे माझा. जिल्ह्याच्या फायनलला होता तसाच.”

मी चष्मा काढला आणि देवघरासमोर जाऊन बसले. शालन खोटं बोलत नव्हती हे मला कळत होतं. तिने खो ऐकला होता. पण न पडलेला खो शालनने ऐकावा? जिने आम्हाला उन्हात तासन्‌तास पाठमोरं बसवून खऱ्या आणि फसव्या खोमधला फरक शिकवला, तिने?

शालनचा मुलगा अजिंक्य पुण्याला असतो. पट्ट्यांचं सगळं त्याच्याच नावावर आहे. शनिवारी सकाळी मी त्याला फोन केला.

“अजिंक्य, शालनच्या पट्ट्याला काही केलंयस का रे?”

त्याने खोलीचं दार लावून घेतलेलं मला ऐकू आलं. मग म्हणाला, “कुंदामावशी, तुम्हालाच कळणार हे मला वाटलंच होतं.”

त्याने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. आपण बोट हलवायचं ठरवलं की मेंदूतून हुकूम निघतो, पाठीच्या कण्यातून उतरतो आणि दंडातून मनगटाकडे येतो. तिथल्या स्नायूंत विजेची एक बारीक लहर उठते. बोट हलतं ते त्यानंतर, किंचित मागून. पट्टा ती लहर वाचतो. म्हणून काजळगडात आपण कळ दाबत नाही, नुसतं मनात आणून हात जरासा हलवला तरी ढाल उठते. वर्षानुवर्षं पट्टा आपलाच हात वाचत असतो. कुठल्या प्रसंगी हा हात काय करील, ते हळूहळू त्याला आपल्याआधी कळू लागतं.

“आईची लहर बदललीये,” अजिंक्य म्हणाला. “उशिरा येते, आणि थरथरत येते. बाहेरून अजून काही दिसत नाही. तिचा चहा सांडत नाही, सही बिघडत नाही. पण पट्ट्याला कळलं. कंपनीने मला कळवलं, कारण खातं माझ्या नावावर. आणि विचारलं, साथ चालू करायची का.”

“साथ म्हणजे?”

“गायकाचा दम कमी पडला की पेटीवाला सूर भरून काढतो ना, तसं. तिची लहर उशिरा आली तर पट्टा तिच्या जुन्या सवयीवरून ती पूर्ण करतो. पहिल्यांदा थोडीशी केली मी. आता बरीच आहे.”

“तिला कळत नाही?”

“नाही ना. तेच तर.” त्याचा आवाज थोडा सैल झाला. जणू हा भाग सांगताना त्यालाही बरं वाटत होतं. “तुमच्या मनात आलं दिवा लावावा, आणि लगेच दिवा लागला, तर मेंदू म्हणतो मीच लावला. मधली गाठ मेंदू आपली आपण मारतो. आईच्या मनात उठायचं होतं, ढाल उठली, मग मेंदू म्हणाला, अर्थात खो पडला असणार. म्हणून तिने ऐकला. ती खोटं नाही बोलत, मावशी.”

“ते मला माहीत आहे. डॉक्टर काय म्हणाले?”

“मी आलेख दाखवला एकांना. ते म्हणाले घेऊन या. आत्ता सुरुवात केली तर व्यायामाने, औषधाने बरीच वर्षं हात धरून ठेवता येईल म्हणाले.”

“मग?”

“नेलं की तिला कळणार.”

तो पोरगा वाईट नाही. लहानपणी तापात माझ्या मांडीवर झोपलेला आहे. मी हळूच विचारलं, “कळल्यावर काय होईल असं वाटतं तुला?”

“मोडून पडेल. बाबा गेल्यावर तिला दुसरं आहे काय? दुपारची वाट बघत असते ती. शुक्रवारी तुम्ही जिंकलात तेव्हा मला फोन करून रडली. दिवाळीपर्यंत जाऊ दे. सोमवारी मी साथ पूर्ण करणार आहे, म्हणजे सगळ्यांसमोर चुकायला नको. तुम्ही आणि नसीममावशी फक्त काही बोलू नका.”

“पूर्ण केलीस तर त्यात शालन किती उरेल?”

“ढाल कधी उचलायची ते तिच्याच सवयीवरून…”

“सवय नाही विचारली. शालन किती उरेल?”

त्याने पुन्हा दिवाळीचं काढलं.

“अजिंक्य, हे मला मान्य नाही,” मी म्हणाले. मोठ्याने बोलायची मला सवय नाही. पण त्याला ऐकू गेलं असावं, कारण त्याने फोन ठेवला.

रविवारी नसीम मिरजेहून तिच्या भाचीच्या घरी कऱ्हाडला आली होती. ती शिरखुर्म्याचा डबा घेऊन माझ्याकडे आली. मी तिला सगळं सांगितलं. नसीम डबा मांडीवर घेऊन नुसता फिरवत राहिली.

शेवटी म्हणाली, “राहू दे की.”

“काय राहू दे?”

“सुखात आहे ना ती? राहू दे. माझा चष्मा पण नंबरचाच आहे, म्हणून दिसतं ते खोटं हाय का?”

“चष्मा तुझ्या नाकावर आहे, तुला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही.”

“तुला खोटं बोलायला कोण सांगतंय? नुसतं गप बसायचं. तू तर सोमवारची गप असतेसच. एवढं मौन पाळतेस ते कधी कामाला येणार मग?”

“मौन देवासाठी आहे, नसीम. लपवण्यासाठी नाही.”

तिने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. “त्या अजिंक्यचा पण विचार कर. पोटचं पोर हाय.”

“तो मुलगा आहे म्हणून घाबरलाय. आपण तिच्या खेळाडू आहोत. तुला खांब आठवतो का?”

नसीमने मान फिरवली. आठवत होता.

फलटणच्या मैदानावर जिल्ह्याची फायनल होती. पहिल्या डावात शालनचा घोटा मुरगळला होता. तिने कुणाला सांगितलं नाही, पण सरांनी ओळखलं. मध्यंतरात त्यांनी तिला, जा, सगळ्यांना लिंबं घेऊन ये, म्हणून पिटाळलं. ती लिंबं घेऊन परत आली तेव्हा तिच्या चौकोनात दुसरीच मुलगी बसली होती, शिट्टी झाली होती. आम्हालाही आत बसल्यावरच कळलं. आम्ही जिंकलो. बक्षीस घ्यायला शालनलाच पुढे ढकललं, कर्णधार म्हणून. तो करंडक तिने घेतला आणि हसलीसुद्धा, फोटोत आहे. मग मैदान रिकामं झाल्यावर तिने आम्हा दोघींना बोलावलं आणि आमचे हात खांबावर ठेवले. तिच्या ओढणीच्या गाठीत लिंबं तशीच होती.

“मी पळू शकत नसेन तर मला सांगायचं. समोर येऊन, तोंडावर. माझ्या पाठीमागे माझी जागा भरायची नाही. म्हणा हो.”

आम्ही हो म्हणालो होतो.

“सोळा वर्षांच्या पोरी होतो गं आपण,” नसीम म्हणाली.

“खांबाला वय कुठे होतं?”

तिने डोळे पुसले आणि मग एकदम चिडली. “मला न्हाई जमायचं. माझ्या तोंडातनं निघायचंच न्हाई ते. मी जाणार, तिचं तोंड बघणार आणि बिर्याणीची चौकशी करून परत येणार.”

“मग मी जाते.”

“कधी?”

“चारच्या आधी. सगळ्यांसमोर तिच्या हातात पुन्हा तो करंडक द्यायचा नाही मला.”

“उद्या सोमवार हाय, कुंदा. श्रावणातला.”

“माहीत आहे.”

मी ते मौन किती जपते, ते नसीमइतकं कुणाला ठाऊक नाही. यांचं ऑपरेशन झालं तो सोमवार होता, तेव्हाही नर्सशी मी खाणाखुणांनीच बोलले होते. त्या दिवशी नसीमच माझ्या शेजारी बसून सगळ्यांना सांगत होती, मुक्या न्हाईत ओ त्या, उपास हाय जिभेचा.

“फोन कर की आज रातच्याला,” ती म्हणाली. “म्हणजे तुझा सोमवार पण वाचेल.”

“समोर येऊन म्हणाली होती.”

“आत्ता चल मग. मी भाचीची गाडी काढते.”

“शालन आज जावेच्या घरी पूजेला गेलीये. उद्या सकाळी परतणार.”

नसीमने डबा माझ्या हातात दिला. “तिला दे जाताना. चारला मी पट्टा बांधून बसते. आलात तर आलात. न्हाई आलात तर मैदान सोडलं असं मी त्या खेळवाल्यांना सांगते, काय व्हायचं ते होऊ दे.” दारापर्यंत गेली आणि वळली. “आणि कुंदा, फार गोड बोलू नकोस. तुझं गोड बोलणं ऐकलं की माणसाला वाटतं सगळं बरंच चाललंय.”

सोमवारी पहाटे उठले. उठल्यापासून मौन. अंघोळ, पिंडीवर बेल, पोथीचा अध्याय मनात. साबुदाण्याला हात लावला नाही, घशाखाली उतरला नसता. निघण्याच्या तयारीत होते तेव्हा फोन वाजला. अजिंक्य. मी फोन उचलून कानाला लावला.

“मावशी, तुमचं मौन आहे, मला माहीत आहे. बोलू नका. नुसतं ऐका. मी रात्रभर विचार केला. आत्ता दहा वाजता मी साथ पूर्ण करणार आहे. तिला काही सांगायचं तर ते मीच सांगेन, दिवाळीनंतर, माझ्या पद्धतीने. तुम्ही दोघी तिच्या मैत्रिणी आहात, तुमच्या मनात तिचं वाईट नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून एवढं धरून चालतो की तुम्ही गप्प राहाल.” मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, “नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा, मावशी. नाहीतर मी होकार समजतो.”

घरात घड्याळाचा आवाज येत होता. पलीकडे तो वाट बघत होता आणि त्याला ठाऊक होतं की मी बोलणार नाही. इतकी वर्षं जे मी देवापुढे ठेवत आले, ते उचलून त्याने आपल्या कामाला लावलं होतं. पोरगं हुशार आहे. आईवरच गेलंय.

पण नाही म्हणायचं तर ते त्याला नव्हतं म्हणायचं. मला तोंड एकाच माणसासाठी उघडायचं होतं, आणि तेही समोर बसून. मी फोन ठेवला. होकार समजायचा तर समजू दे. दहाला साथ पूर्ण होईल, आणि चारच्या आत शालनला तिचा पट्टा सोडून दोन्ही हात माझ्या हातात द्यायला सांगायला मी तिथे असेन.

देवघरासमोर उभी राहिले. निरांजन तेवत होतं. मनातल्या मनात म्हटलं, “महादेवा, हा सोमवार आज मोडणार आहे. दिवेलागणीपर्यंत थांबता येत नाही. तुला आधी सांगते आहे, तोंडावर. पाठीमागून नाही.” पिंडीवरचं एक बेलाचं पान घरंगळून ताम्हनात पडलं. मी त्याचा काही अर्थ लावला नाही. पान उचलून परत ठेवलं, पदर खोचला, नसीमचा डबा पिशवीत घातला. माझा पट्टा आणि चष्मा कपाटावर होते ते तिथेच राहू दिले. पण कडी लावताना परत आले आणि तेही पिशवीत टाकले. शालनला खेळायचंच असलं तर? साथ बंद करून, उशिरा उठणाऱ्या हाताने, साऱ्या जगासमोर. ती असं म्हणू शकते. तिचा खो कितीही उशिरा पडू दे, मी बसून राहीन. मला बसून राहता येतं, तिनेच शिकवलंय.

स्टँडवर सातारा गाडी लागलेली होती. खिडकीजवळ बसले. गाडी कोयनेच्या पुलावरून पुढे निघाली तशी मी मनात वाक्यं जुळवू लागले. शालन, तुझा हात. शालन, शुक्रवारी खो पडलाच नव्हता. शालन, फलटणला लिंबं आणायला गेली होतीस ना. एकही वाक्य पुरेसं सरळ नव्हतं. सगळी गोड होती. नसीमचं खरं होतं.

कंडक्टर मागून एकेक तिकीट फाडत आला. तरुण होता, कपाळाला भस्माचे पट्टे, सकाळी तोही कुठल्यातरी देवळात जाऊन आलेला. माझ्या हातातली जपमाळ आणि मिटलेले ओठ बघून त्याने ओळखलं.

“मौन आहे का, मावशी? असू द्या असू द्या, बोलू नका. बोटानं दाखवा. एक उंब्रज, दोन नागठाणे, तीन सातारा.”

त्याने माझी सोय करून दिली होती. मी नुसती तीन बोटं दाखवली असती तरी चाललं असतं. सातारा तासाभरावर होता, तिथवर तरी व्रत टिकलं असतं. पण शालनच्या दारात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि आवाज फुटलाच नाही तर? इतक्या वर्षांचे सोमवार त्या घशात बसलेले आहेत.

मी माळ पिशवीत ठेवली.

“सातारा,” मी म्हणाले. आवाज जरा चिरका आला, पण आला.